प्लेटवरचं बेसिजिन

मलेरियाचा परजीवी लाल पेशीत शिरतो ते मिनिटभराचं काम. त्या मिनिटात प्लास्मोडियम फाल्सिपेरम या परजीवीचं आरएच५ हे प्रथिन लाल पेशीवरच्या बेसिजिन या प्रथिनाला धरतं. ही जोडी २०११ मध्ये केंब्रिजजवळच्या सँगर इन्स्टिट्यूटमधल्या संशोधकांनी दाखवली. बेसिजिनवर बसणाऱ्या अँटिबॉडी घातल्या, आणि तपासलेल्या एकाही वाणाला आत जाता येईना.

ही पकड प्रयोगशाळेत तपासायला बेसिजिन प्लेटवर, म्हणजे छोट्या खळग्यांच्या ताटलीवर, चिकटवतात. मग ते थेट रक्तातूनच का घेत नाहीत? ते पेशीच्या आवरणात रुतलेलं असतं. बाहेर काढायला डिटर्जंट लागतो, आणि त्यात प्रथिनाची घडी, म्हणजे मूळ आकार, मोडायची भीती असते. म्हणून जनुकातला फक्त बाहेर डोकावणाऱ्या भागाचा तुकडा घेतात. लाल पेशीवरच्या बेसिजिनमध्ये हा भाग म्हणजे इम्युनोग्लोब्युलिनसारख्या दोन घड्या. त्याच्या शेवटी रॅटच्या सीडी४ या प्रथिनाचे दोन भाग जोडतात, आणि अगदी टोकाला बायोटिन (एक जीवनसत्त्व) बसेल अशी छोटी पट्टी. प्लेटवर लावलेलं स्ट्रेप्टॅव्हिडिन हे प्रथिन बायोटिनला घट्ट धरतं.

हे प्रथिन तयार होतं प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी एचईके-२९३ पेशींत. जिवाणूत स्वस्त पडलं असतं, पण दोन्ही घड्यांना आकार धरून ठेवणारे डायसल्फाइड बंध लागतात. ई. कोलायच्या पेशीद्रवात ते सहसा जुळत नाहीत. साखरेच्या साखळ्याही तिथे मिळत नाहीत.

हा फ्लास्क बघा. ५० मिलिलिटर कल्चर, ३७ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, मिनिटाला १२५ फेरे. बेसिजिनचं जनुक वाहणाऱ्या प्लाझ्मिडसोबत (डीएनएच्या छोट्या कड्यासोबत) बायोटिन जोडणाऱ्या बिरए एन्झाइमचंही प्लाझ्मिड दिलंय, आणि माध्यमात १०० मायक्रोमोलर बायोटिन. सहाव्या दिवशी पेशी सेंट्रिफ्यूजने खाली बसवायच्या आणि वरचं पाणी ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचं. प्रथिन त्या पाण्यात आहे.

घाई नडते ती इथेच. पाण्यात सुटं बायोटिनही भरपूर उरलेलं असतं. तसंच प्लेटवर ओतलं तर स्ट्रेप्टॅव्हिडिनच्या जागा तेच अडवतं, बेसिजिन धुण्यात वाहून जातं आणि प्लेट कोरीच राहते. त्यामुळे डायलिसिस, म्हणजे बारीक छिद्रांच्या पिशवीतून सुटं बायोटिन बाहेर झिरपू देणं, दोन दिवस, बफर बदलत बदलत. यात काटकसर करू नये.

प्लेटवर प्रथिन बसलं, पण घडी शाबूत आहे का? अर्धा नमुना ८० अंशांवर १० मिनिटं ठेवा. मूळ आकारावरच बसणारी अँटिबॉडी न तापवलेल्या नमुन्याला धरते, तापवलेल्याला सोडून देते. दोन्हींना सारखीच धरत असेल, तर ती अँटिबॉडी आकाराची खूण म्हणून निरुपयोगी.

आरएच५ची पकड मात्र हलकी आहे, सुमारे १ मायक्रोमोलर (हा आकडा जितका मोठा, तितकी पकड ढिली). एकेकटे रेणू धुण्यातच सुटतात. म्हणून आरएच५ पाचाच्या झुपक्यात बांधतात आणि त्यावर बीटा-लॅक्टमेज हे एन्झाइम चढवतात. पाच हातांनी धरल्यावर ते धुऊनही टिकतं. मग नायट्रोसेफिन घालायचं; ते एन्झाइम या पिवळ्या रसायनाला लाल करतं. पिवळा खळगा लाल झाला, तर जोडी जमली. शेजारी नुसत्या सीडी४ शेपटाचा खळगा हवाच. तोही लाल झाला, तर तो प्रयोग बाद.

पकड आकड्यात मोजायची तर झुपका चालत नाही. तिथे एकेरी रेणू हवा, आणि गोठवून वितळलेल्या प्रथिनात गुठळ्या असू शकतात. थोड्याशा गुठळ्याही पाच हातांसारख्याच वागतात आणि पकड आहे त्याहून घट्ट दिसते. म्हणून साठा छोट्या नळ्यांत उणे ८० अंशांवर ठेवायचा, आणि मोजायचं त्या दिवशीच जेल फिल्ट्रेशन करून (रेणू आकारमानाने वेगळे करून) फक्त एकेरी रेणूंचा अंश पकड मोजणाऱ्या मशीनवर चढवायचा.