महानगरपालिका झाली, मग तालुका कधी?

मघाशी चहा घेताना एकाने विचारलं, इचलकरंजी महानगरपालिका झाली मग आता तालुका पण झाला असेल ना? नाही हो. तालुका अजून हातकणंगलेच. म्हणजे २०११ च्या जनगणनेत पावणेतीन लाखांच्या वर माणूस असलेलं शहर, आणि तालुक्याला नाव शेजारच्या छोट्या गावाचं. बाहेरच्या माणसाला पटतच नाही हे.

गोंधळ होतो कारण आपण सगळं एकाच फायलीत आहे असं धरतो. तहसीलदार, प्रांत, कलेक्टर ही महसूलची फाईल, पालिका ही नगरविकासची, आणि जनगणनावाल्यांचं तिसरंच. तिघांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. रायगडात बघा की, कलेक्टर बसतात अलिबागला, जिथे २०११ ला वीस हजारांच्या थोडी वर वस्ती, आणि २०१६ ला महानगरपालिका झाली पनवेलला. त्याच जिल्ह्यात माथेरान, साडेचार हजारसुद्धा लोक नाहीत तरी नगरपरिषद, का तर थंड हवेचं ठिकाण, इंग्रजांच्या काळापासून चालत आलेलं. मालेगाव तर इचलकरंजीपेक्षा कितीतरी मोठं, महानगरपालिका आहे, पण जिल्ह्याची मागणी तिथे वर्षानुवर्षं नुसती निवडणुकीला निघते.

महानगरपालिकेसाठी आपल्याकडे आकडा आहे तीन लाखाचा. एक लाखाच्या वर गेलं की नगरपरिषद अ वर्गात, चाळीस हजार ते लाख ब, त्याखाली क. २०२२ ला इचलकरंजी महानगरपालिका झाली, २०२३ ला जालना, आणि गंमत अशी की २०११ च्या जनगणनेत दोघंही तीनच्या आतच होते. आता मधल्या काळात वाढ झालीच असणार, नाही म्हणत नाही मी, पण मोजलंय कुणी?

बरं, बदललं काय? मुख्याधिकारी गेले, आयुक्त आले. नगराध्यक्ष तुम्ही थेट मत देऊन निवडायचा, महापौराला मात्र नगरसेवक निवडतात. म्हणजे शहर मोठं झालं आणि आपलं एक मत कमी झालं, हे कुणी बोलत नाही. पाण्याचं विचाराल तर दूधगंगा नदीच्या पाण्याचा वाद होता तिथेच आहे, पाटी बदलून नळाला पाणी येत नाही.

आणि शेजारचं कबनूर. त्या बाजूने शहरात येताना हद्द कुठे लागते सांगून दाखवा, घराला घर लागलेलं, यंत्रमागांचा खडखडाट दोन्हीकडे सारखाच, फक्त घरफाळ्याची पावती वेगळी. २०११ ला जनगणनेने कबनूरला शहर म्हटलं (पाच हजारांच्या वर वस्ती, चौरस किलोमीटरला किमान चारशे माणसं आणि पुरुष कामगारांतले शंभरात पंचाहत्तर शेतीबाहेर, असा त्यांचा नियम), आणि कारभार तेव्हा ग्रामपंचायतीचा. शहर पण आणि गाव पण.

२०२१ ची जनगणना झालीच नाही, आता १ मार्च २०२७ ला धरून होणार. तोपर्यंत वॉर्ड पाडायला २०११ चाच आकडा वापरून झालाय. आणि मोजणारा येईल तेव्हा मागावरचा परप्रांतीय कामगार सापडायला पाहिजे, एका खोलीत सहा-आठ जण, अर्धे दिवसपाळीला अर्धे रातपाळीला, दुपारी दार वाजवलं तर एक जण डोळे चोळत उठणार आणि तो सांगेल तेवढेच लिहून घेणार.