तपन दिवसाची, उकाडा रात्रीचा

(दृश्य: चंद्रपूर जिल्ह्यातलं एक गाव. दुपारचे दोन. नांगरून पडलेलं वावर.)

नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागलाय. मे महिन्याच्या उत्तरार्धात सूर्य विदर्भात भर दुपारी नेमका डोक्यावर येतो. नागपुरात 26 मेच्या आसपास उभ्या खांबाची सावलीसुद्धा क्षणभर दिसेनाशी होते. आभाळात ढग नाही, जमिनीत ओल नाही. ओल असती तर उन्हातली बरीच ऊर्जा पाण्याची वाफ करण्यात खर्ची पडली असती. आता ती माती तापवण्यातच जाते. त्यात ही काळी कसदार जमीन! पडलेलं बहुतेक ऊन ती पिऊन टाकते. चप्पल काढून एका ढेकळावर पाय ठेवून बघा, म्हणजे कळेल.

पारा 45 च्या वर गेला की पारावर एकच वाक्य ऐकू येतं: "औंदा तपन लय वाढली."

तपन, म्हणजे सूर्याचा ताप, वाढली का पण? 1978 पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजताहेत. अकरा वर्षांच्या चक्रात ती किंचित वरखाली होते, चढत मात्र गेलेली नाही. मग पृथ्वी तापतेय कशानं?

(दृश्य: रात्र. अंगणात टाकलेल्या बाजा.)

तापलेली जमीनही किरण सोडते, डोळ्यांना न दिसणारे, उष्णतेचे. नायट्रोजन आणि ऑक्सिजन, म्हणजे जवळपास सगळी हवा, त्यांना सहज जाऊ देते. अडवतात ते थोडेसे असलेले वायू: बाष्प, कार्बन डायऑक्साइड, मिथेन. ते ही उष्णता शोषतात आणि चहूकडे फेकतात, खालीसुद्धा. पृथ्वीभरची सरासरी काढली, तर जमीन आणि समुद्र मिळून दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे 160 वॅट शोषतात. हवा आणि ढगांकडून खाली येतात सुमारे 340. दुपटीहून जास्त, आणि रात्रीही चालू! बाजेवर उताणं झोपलेल्याच्या अंगावरही ती पडत असतेच.

शेतकऱ्याला हे नवं नाही. डिसेंबरात आभाळ निरभ्र असलं की पहाटे हरभरा गारठतो. रात्री ढग आले की थंडी पळते.

हे वायू वैरी नव्हेत. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान उणे 18 अंशांच्या आसपास असतं. आज ते 15 च्या घरात आहे. भानगड आहे ती प्रमाणाची. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख रेणूंमागे कार्बन डायऑक्साइडचे 280 होते, आता 420 च्या वर गेलेत. हवा एक अंशानं तापली की तिच्यात सुमारे 7 टक्के जास्त बाष्प मावतं, आणि तेही उष्णता अडवतं.

दोष सूर्याचा असता, तर वातावरणाचे वरचे थरही तापले असते. ते उलट थंड होताहेत.

(दृश्य: दगडी कोळशाची खाण, पलीकडे वीजकेंद्राची धुराडी.)

वर्धा खोऱ्यातला हा कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना. तेव्हाच्या झाडांनी उन्हाच्या बळावर हवेतून ओढलेला कार्बन इथे गाडला गेला. इतक्या काळात त्यातला कार्बन-14, म्हणजे काळाबरोबर आपोआप घटत जाणारा किरणोत्सर्गी कार्बन, पार संपलाय. म्हणून धुराड्यातून तो पुन्हा हवेत गेला, की हवेतल्या कार्बन-14 चा वाटा पातळ होतो, आणि वाढलेला वायू जमिनीखालच्या इंधनातून आलाय हे प्रयोगशाळेत ओळखता येतं.