लाईट घ्या

श्रोतेहो, नमस्कार. आपल्या सदराचा आजचा शब्द आहे ‘लाईट’. आज गुरुवार, म्हणजे पुण्यात दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार. निम्म्या पुण्यानं हा शब्द सकाळपासून एकदा तरी उच्चारला असेल, आणि ज्यांच्याकडे गेली आहे ते मला सेलवरच्या ट्रान्झिस्टरवर ऐकत असतील.

‘गेली’ म्हटलं मी. काही घरांत लाईट जाते, काही घरांत जातो. आमच्या पेठेत लाईट जातात. अनेकवचनी, आदरार्थी!

तर मुद्दा असा, की इंग्रजीत लाईट हा एक शब्द नाही. दोन आहेत. एक उजेडाचा, एक हलकेपणाचा. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, घराणी मात्र वेगळी. जर्मन भाषेत ती अजून वेगळी ओळखू येतात: उजेड म्हणजे लिख्ट आणि हलकं म्हणजे लाइख्ट. इंग्रजीत बोलता बोलता उच्चार झिजले आणि दोन्ही एक झाले. स्पेलिंगमधला जी-एच आपण घोकला ना, तो त्या जुन्या ‘ख’ची खूण.

आपण मराठीत दोन्ही घेतले. लाईट बिल उजेडाचं. लक्ष्मी रोडला ‘यात लाईट कलर दाखवा’ म्हणतो, तो दुसरा. चहाही काही लोक लाईट मागतात. त्यांनी सरळ दूध प्यावं, असं माझं मत आहे.

आता आत्याची गोष्ट. सदाशिव पेठेत, वाड्यात, दुसऱ्या मजल्यावर राहायची. वय तेव्हा 78. गणपती नुकतेच गेलेले. दहा दिवस मोदक, शेवटी वाटली डाळ, आणि पोट बिघडलं. बुधवारी संध्याकाळी डॉक्टरकडे गेली. डॉक्टर गल्लीतलाच, लहानपणी तिच्याच हातचे लाडू खाल्लेला. गोळ्या दिल्यान् आणि दारापर्यंत सोडताना म्हणाला, “आत्या, दोन दिवस पोटाला लाईट घ्या हं.”

आता ऐका. आदल्याच वर्षी आत्यानं गुडघ्याला दहा दिवस लाईट घेतला होता. शेकाचा, तो लाल दिवा असतो ना, तो. गुरुवारी सकाळी ही रिक्षा करून थेट तिथे हजर.

तिथली मुलगी म्हणाली, “आजी, परत गुडघा?”

“नाही गं, या खेपेला पोट.”

“पोटाला लाईट? कुणी सांगितलं?”

“डॉक्टरांनी. दोन दिवस घ्यायचाय.”

मुलगी चक्रावली. मग म्हणाली, “पण आज गुरुवार ना आजी. लाईट नाहीये.”

“तोच घ्यायला आलेय!”

“अहो, लाईट गेलीय, म्हणून लाईट देता येत नाही. पाचनंतर या.”

आत्या घरी आली. गुरुवार म्हणजे दत्ताचा उपास. साबुदाण्याची खिचडी, वर साजूक तूप, कूट सढळ हातानं. (कुटात काटकसर करणाऱ्यांनी खिचडीच्या वाटेला जाऊच नये. असो.) पंखा बंद, दुपार जाता जात नव्हती, म्हणून दोनदा वाढून घेतली. चारच्या सुमारास पोटानं हिसका दाखवला. डॉक्टरला फोन.

“आत्या, लाईट घ्या म्हटलं होतं ना?”

“गेले होते रे, मिळाला नाही. पाचनंतर बोलावलंय.”

“मिळाला नाही? मऊ भात मिळाला नाही?”

“भाताचा काय संबंध?”

“मग खाल्लंत काय?”

“खिचडी.”

“मुगाची ना?”

“उपासाला मुगाची खिचडी? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही का रे?”

तिकडे बराच वेळ शांतता. मग डॉक्टर म्हणाला, “आत्या, लाईट म्हणजे हलकं. हलकं खा, असं म्हणत होतो मी.”

“मग हलकं म्हण की मेल्या! मराठीत सांगायला वेगळी फी पडते का?”

वेळ थोडा उरलाय, तर शब्दांच्या नात्यागोत्याचं पटकन सांगतो. पुन्हा लक्षात घ्या, शब्द दोन: एक उजेडाचा, एक हलकेपणाचा. हलकेपणाचा जो लाईट, तो संस्कृतातल्या ‘लघु’चा लांबचा भाऊबंद. आपले हळू आणि हलका त्याच लघुपासून आलेले. फुफ्फुसाचा इंग्रजी शब्द लंग, तोही याच कुळातला, कारण ते वजनाला हलकं. खाटकाकडचे लाईट्स म्हणजे जनावराची फुफ्फुसंच.

आणि उजेडाचा लाईट? त्याचं नातं संस्कृत ‘रुच्’ या धातूशी. रुच् म्हणजे चमकणं, आणि आवडणंही. त्यावरूनच रुची, त्यावरूनच आपल्याला जेवण रुचतं. म्हणजे आत्याला त्या दुपारी खिचडी रुचली, तेव्हा तिनं लाईटच घेतला होता. फक्त डॉक्टरनं सांगितलेला नव्हे, दुसरा.

पुढच्या गुरुवारी शब्द घेऊ ‘चार्ज’. नमस्कार.