परत आलेल्या माणसाचा निबंध

(माजी सैनिकांवरील विद्यार्थी निबंध स्पर्धेच्या बक्षीस समारंभात पुण्यात केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)

नमस्कार. मागच्या मुलांनी पुढे या. पहिल्या दोन रांगा सत्कारमूर्तींसाठी राखल्या होत्या, पण त्यांचे सत्कार उरकलेत आणि निम्मे जण शाल-नारळ घेऊन संक्रांतीच्या तिळगुळाला घरी गेलेत. माझ्या परिचयालाच सात मिनिटं गेली, ती माझ्या वेळेतून कापू नयेत ही विनंती.

पत्रिकेवर विषय छापलाय, 'प्रेरणादायी माजी सैनिक आणि निबंधलेखनाचं तंत्र'. तंत्रावर येतोच. आधी एक गाऱ्हाणं.

मी बरीच वर्षं असल्या स्पर्धांचे निबंध तपासतोय. रेक्झिनची पिशवी भरून घरी येतात, आमची डायनिंग टेबलाची जागा जाते. विषय स्वच्छ असतो, माजी सैनिक. माजी सैनिक म्हणजे काय? जो गेला, राहिला आणि परत आला. आणि निबंधांत काय असतं? पहिल्या ओळीत भारत वीरांची भूमी, चौथ्या ओळीत रणांगण, सातव्या ओळीत प्राणांची आहुती. एका मुलाने लिहिलं होतं, 'त्यांनी देशासाठी प्राण अर्पण केले. निवृत्तीनंतर ते शेती करतात.' हसू नका. तो मुलगा प्रामाणिक आहे. त्याला आपण मोठ्यांनीच शिकवलंय की सैनिक मेल्याशिवाय निबंध उभा राहत नाही.

रामा राघोबा राणे घ्या. खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचे, म्हणजे लष्करातल्या इंजिनिअर दलाचे. एप्रिल १९४८, नौशेराहून राजौरीला रणगाडे न्यायचे होते आणि रस्त्यात सुरुंग, आडवी पाडलेली झाडं. हा माणूस पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत गेला, दोरीने वरच्या ड्रायव्हरला इशारे देत. परमवीर चक्र मिळालं आणि ते हयातीत मिळालेले ते पहिले. आमच्याकडे आलेल्या निबंधांत किती जणांनी त्यांना हुतात्मा करावं! अरे, ते मेजर म्हणून निवृत्त झाले, १९९४ साली इथे पुण्यात वारले. मधली ४६ वर्षं कुठे गेली? एकालाही विचारावंसं वाटलं नाही. हौतात्म्य लिहायला सोपं असतं हो. माणूस परत आला, की पंचाईत. मग त्याला गुडघेदुखी असते, शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण असतं, आणि ते निबंधात बसत नाही.

आता ती मुलगी. ही गोष्ट मी इतक्या ठिकाणी सांगितलीय की बायको म्हणते, तुम्ही सुरू केलीत की मी चहाला उठते. ती बघा, उठली.

दुसऱ्या एका स्पर्धेची गोष्ट आहे, इथल्या संयोजकांनी दचकू नये. सातवीतल्या एका मुलीचा निबंध आला. सुरुवात अशी : 'माझ्या आबांची पेटी काळी आहे. तिच्यावर पांढऱ्या रंगाने त्यांचं नाव आणि नंबर लिहिलाय. पेटीत आता आज्जी गोधड्या ठेवते.' मी चष्मा पुसला आणि सरळ बसलो.

पुढे तिने आबांना विचारलं होतं, तुम्ही सैन्यात का गेलात? आता इथे बाकी सगळे निबंध 'लहानपणापासूनच देशसेवेचं वेड' असं लिहितात. आबा म्हणाले, 'बहात्तरचा दुष्काळ होता. खडी फोडायच्या कामावर होतो, सुकडी खाऊन खाऊन तोंड विटलं होतं. भरतीवाल्यांनी छाती मोजली तर ती दोनदा कमी भरली. तिसऱ्यांदा श्वास धरून उभा राहिलो.' ज्यांना सुकडी माहीत नाही त्यांनी घरी आजी असेल तर विचारा. चेहरा बघा तिचा.

आबा आर्मी सर्व्हिस कोअरमध्ये ड्रायव्हर. श्रीनगर-लेह रस्त्यावर रॉकेल, पीठ, डाळ पोचवायची. जोझिला खिंडीतून, साडेतीन हजार मीटर उंचीवरून. नातीने विचारलं, भीती वाटायची का? 'खाली बघायचं नाही. पुढच्या गाडीच्या मागच्या चाकाकडे बघायचं. ब्रेक लागला की भीती संपली.' वर डाळ शिजायची नाही म्हणून आबा वैतागायचे, आणि पोरीने कंसात खुलासा केला होता की उंचावर पाणी कमी तापमानालाच उकळतं. पेन्शनीत आल्यावर आबा एसटीत लागले. स्वारगेट-दहिवडी. त्यांनी कधी कुणाला ओव्हरटेक केलं नाही, म्हणून पॅसेंजर शिव्या द्यायचे. शेवटची ओळ : 'आबा अजून पहाटे चारला उठून दाढी करतात. कुठे जायचं नसतं.'

संपला निबंध. मी पहिला नंबर लिहून मोकळा झालो.

परीक्षक आम्ही तिघं. एक बाई, एक गृहस्थ, आणि मी. गृहस्थ म्हणाले, 'सर, यात प्रेरणा कुठे आहे?' बाई म्हणाल्या, 'शौर्याचा प्रसंग नाही. शिवाय दुष्काळामुळे भरती झाले हे जरा... बरं दिसत नाही.' गुणपत्रिकेत सुविचारांना पाच गुण होते. पोरीला पाचांपैकी शून्य. मी दीड तास भांडलो. म्हटलं, अहो, भुकेपोटी गेलेला माणूस नंतर कितीतरी वर्षं त्या रस्त्यावर गाडी चालवतो, एकही गाडी दरीत घालत नाही, ही प्रेरणा नाही तर काय? दोन विरुद्ध एक. तिला उत्तेजनार्थ मिळालं. 'उत्तेजनार्थ' हा मराठीतला फार निर्दय शब्द आहे, घरी जाऊन कोशात बघा. पहिला नंबर ज्या निबंधाला गेला त्यात सोळा विशेषणं होती, मी मोजली. त्यातलं एकही विशेषण सियाचीनला पाठवलं असतं तर दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज आला असता.

हो, चिठ्ठी आली. 'पाच मिनिटे.' तिच्याखाली दोन रेघा. बरं, तंत्र.

निबंध लिहिण्याआधी माणसाकडे जा. तुमच्या सोसायटीच्या गेटवर असेल, बँकेच्या दारात बंदूक घेऊन बसलेला असेल. 'किती शत्रू मारले' विचारू नका, 'कसं वाटलं' तर मुळीच नाही. नंबर विचारा. लग्नाची तारीख विसरलेला फौजी नंबर विसरत नाही. पेटीत काय होतं ते विचारा. पत्र यायला किती दिवस लागायचे, घरी कोण वारलं तेव्हा रजा मिळाली का. आणि परत आल्यावर पहिल्या महिन्यात काय केलं, हे नक्की विचारा.

मोठी नावंच हवीत तरी हाच नियम. मुरलीकांत पेटकर, १९६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, हे सगळे लिहितात. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिंपिकमध्ये पन्नास मीटर ३७.३३ सेकंदांत पोहून सुवर्णपदक आणलं, तेही लिहितात. पद्मश्री मिळाली २०१८ ला. मधल्या वर्षांचा निबंध लिहा की! नामदेव जाधव, संगमनेरजवळच्या निमजचे, १९४५ साली इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळवला आणि १९८४ पर्यंत जगले. तिथेही तेच.

खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. युद्धात जायबंदी झालेल्या जवानांना हाताला काम शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली संस्था. शाळांनी सहल घोरपडीच्या युद्धस्मारकाला न्यावी, जरूर न्यावी, मिग विमानासमोर फोटो काढावेत. पण एकदा परवानगी काढून खडकीलाही न्यावं.

आज १४ जानेवारी. १९५३ साली पहिले भारतीय सरसेनापती करिअप्पा याच दिवशी निवृत्त झाले, म्हणून हा माजी सैनिकांचा दिवस. निवृत्तीची तारीख साजरी होते, लढाईची नव्हे. हे तुमच्या निबंधात... हो हो, दोनच मिनिटं.

संयोजकांकडे एकच मागणं. पुढच्या वर्षीच्या पत्रकातून 'प्रेरणादायी' काढा आणि 'माझ्या ओळखीचा एक माजी सैनिक' असं छापा. सुविचारांचे पाच गुण 'स्वतः विचारलेले प्रश्न' या सदरात टाका. पत्रकाचं प्रूफ माझ्याकडे पाठवा, फुकट तपासून देतो. तिळगूळ बाहेर डाव्या हाताला आहे, बक्षिसं झाल्याशिवाय कुणी उठायचं नाही म्हणताहेत.