पासबुक कुणाच्या कपाटात आहे?

श्रोतेहो, नमस्कार.

तुम्ही ज्या फ्लॅट स्कीममध्ये राहता, तिच्या बँकखात्यात आज किती पैसे आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहे का? स्वतःच्या खात्यातली शिल्लक आपल्याला रुपयापर्यंत पाठ असते. पण दर महिन्याला जिथे मेंटेनन्स भरतो, त्या खात्याबद्दल विचारलं, तर नागपुरात बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं, "काका पाहतात ना सगळं."

आमच्याकडेही काकाच पाहत होते. त्रिमूर्तीनगरकडची वीस फ्लॅटची आमची इमारत. काका सेक्रेटरी. पहाटे पाण्याची मोटर ते सुरू करायचे, कुणाला रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचं असलं तर गाडी तेच काढायचे. अकरा वर्षं तेच सेक्रेटरी राहिले, कारण सभेत दुसरं कुणी हात वर करत नव्हतं. मी खजिनदार होतो. चेकवर दुसरी सही माझी. मुलाकडे पुण्याला जायचो, तेव्हा मागे अडचण नको म्हणून कोऱ्या चेकवर सह्या करून ठेवायचो.

एका मे महिन्यात लिफ्ट बंद पडली. चौथ्या मजल्यावरच्या आजी पंच्याऐंशीच्या, बाहेर ऊन पंचेचाळीस अंशांचं. दुरुस्तीचा खर्च मोठा होता, म्हणून एफडी मोडायचं ठरलं. फायलीत एफडीच्या पावतीची झेरॉक्स होती. मूळ पावती मागितली की "उद्या देतो." आठ दिवसांनी मीच बँकेत गेलो. ती एफडी तीन वर्षांपूर्वीच मोडलेली होती, आणि मोडण्याच्या अर्जावर काकांच्या सहीशेजारी माझीही सही होती. न वाचता केलेली.

काकांनी पैसे एकदम उचलले नव्हते. घरात अडचण आली, तेव्हा पहिल्यांदा थोडे घेतले आणि दोन महिन्यांत परतही ठेवले. कुणाच्या लक्षात आलं नाही. दुसऱ्यांदा जास्त घेतले, ते परत आले नाहीत. पुढे आजच्या वर्गणीतून कालचं भगदाड बुजवणं सुरू झालं. अफरातफर अशीच वाढते. पहिल्या उसनवारीच्या वेळी कुणी नुसतं पासबुक मागितलं असतं, तर ती तिथेच थांबली असती. तो माणूसही वाचला असता, असं मला आजही वाटतं.

आपल्याकडे म्हण आहे, भीड भिकेची बहीण. आमच्या वीस कुटुंबांना ती भीडच नडली. एकदा तळमजल्यावरच्या ताईंनी सभेत टँकरच्या बिलांबद्दल विचारलं होतं. "काहून जी, भरोसा नाही का आमच्यावर?" असं कुणीतरी म्हणालं, आणि ताई खाली बसल्या. त्या दिवशी मीही गप्प होतो. त्याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. उन्हाळ्यात बोअर आटली की टँकर येतात. किती आले, याची नोंद चौकीदाराच्या वहीत नसेल, तर बिलावरचा आकडा कशाशी ताडून पाहायचा?

आता कायद्याचं थोडं बोलतो. आपल्या स्कीम साधारण दोन प्रकारच्या असतात. काही १९६० च्या महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या सोसायट्या. आणि नागपुरात खूपशा इमारती १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालच्या, म्हणजे ज्यांचं डीड ऑफ डिक्लरेशन, इमारत या कायद्याखाली आणल्याचं घोषणापत्र, झालेलं असतं त्या. दुसऱ्या प्रकारात लोकांचा समज असा, की आपण सोसायटी नाही, मग आपल्याला ऑडिट कशाला? हा समज चुकीचा आहे. अपार्टमेंटचा कायदाच सांगतो, की जमाखर्चाच्या नोंदी तारीखवार ठेवायच्या, वही आणि व्हाउचर कामाच्या दिवशी सोयीच्या वेळी प्रत्येक फ्लॅटधारकाला पाहता आले पाहिजेत, आणि वर्षातून एकदा तरी बाहेरच्या ऑडिटरकडून तपासणी झाली पाहिजे. म्हणजे व्हाउचर पाहायला मागणं हा तुमचा हक्क आहे, त्यासाठी कुणाची मर्जी सांभाळायची गरज नाही.

सहकारी सोसायटीत वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते आणि ऑडिटर सभेने नेमायचा असतो. ऑडिटरने काढलेल्या चुकांवर कमिटीने दोष दुरुस्ती अहवाल द्यायचा असतो. हा अहवाल आपण कुणी मागत नाही. मागा. ऑडिटमध्ये अपहार दिसला, तर ऑडिटरने निबंधकाकडे, म्हणजे सहकार खात्याच्या रजिस्ट्रारकडे, विशेष अहवाल पाठवायचा असतो. एकपंचमांश सभासदांनी मिळून अर्ज केला, तर कलम ८३ खाली निबंधक चौकशी लावू शकतात, आणि कलम ८८ खाली नुकसानीची रक्कम जबाबदार माणसांकडून वसूल करता येते. वीस फ्लॅटच्या सोसायटीत एकपंचमांश म्हणजे चार सह्या. त्याशिवाय पोलिसांत फिर्याद देता येते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे, तिच्या कलम ३१६ मध्ये हा फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा येतो.

आम्ही वर्षभर तक्रार केली नाही. शेजारधर्म आड आला, काकूंकडे पाहवत नव्हतं. त्या वर्षात काकांनी थोडे पैसे भरले, पण जुन्या पावतीपुस्तकांची अर्धी थप्पी नाहीशी झाली. म्हणून संशय आला की पहिल्याच आठवड्यात बँकेला पत्र द्या, आणि वह्या, पावतीपुस्तकं दोन-चार जणांसमोर यादी करून ताब्यात घ्या. माणसाशी बोलणं नंतरही होतं, पण गेलेला कागद परत येत नाही.

आणखी एक जागा आहे, जिथे पैसा खात्यात न येताच जातो. फ्लॅट विकला गेला की नव्या घरमालकाकडून 'डोनेशन' म्हणून रोख घेतली जाते. सोसायटीत हस्तांतरणाच्या अधिमूल्याला, म्हणजे ट्रान्सफर प्रीमियमला, २५ हजार रुपयांची कमाल मर्यादा आहे. त्याहून जास्त मागितलं, किंवा पावती द्यायला का-कू केली, तर देऊ नका. गच्चीवर मोबाइलचा टॉवर असेल, तर त्याचं भाडं कोणत्या खात्यात जमा होतं, तेही पाहा. सिंकिंग फंडाचंही, म्हणजे इमारतीच्या पुढच्या मोठ्या कामांसाठी साठवायच्या निधीचंही, तसंच. उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायटीच्या नियमावलीप्रमाणे, तो दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के जमा व्हायला हवा. त्याची एफडी पाहायची, तर झेरॉक्सवर समाधान मानू नका, बँकेच्या शिक्क्याचं शिल्लक-पत्र मागवा. रंगकामाची तीन कोटेशनं आली, तर तिन्ही दुकानांना एकेक फोन करून पाहा. एकाच हाताने लिहिलेली तीन कोटेशनं मी पाहिली आहेत.

आमच्या स्कीममध्ये आता रोख घेणं बंद आहे. खात्याचा मेसेज तिघांच्या मोबाइलवर येतो. कोऱ्या चेकवर मी सही करत नाही, कुणी करूही देत नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला लिफ्टशेजारच्या फळ्यावर पासबुकाच्या पानाची प्रत लागते. मागच्या महिन्यात चौथ्या मजल्यावरच्या आजी चष्मा लावून ती वाचत उभ्या होत्या. "अरे, हे ३४० रुपये कशाचे रे बाबू?" त्यांनी विचारलं. मी वर गेलो, फाइल काढली आणि जिन्यातल्या बल्बांचं बिल आणून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं करून पाहिलं, तारीख वाचली, आणि म्हणाल्या, "ठीक आहे. लाव परत फायलीत."

नमस्कार.