पंचहौदचे यजमान

अध्यक्षमहोदय आणि श्रोतेहो,

गुरुवार पेठेतील पवित्र नाम देवालयाविषयी, म्हणजे पंचहौद मिशनच्या चर्चविषयी, पुण्यात कोठेही बोलायला उभे राहिले, की पहिला प्रश्न चहाचा येतो. हे देवालय १८८५ सालचे आहे, त्याच्या मनोऱ्यात इंग्लंडमधील लफबरो येथे ओतलेल्या आठ घंटा आहेत, आणि तेथे आजही दर रविवारी मराठीतून उपासना होते. पण विचारणाऱ्याला जाणून घ्यायचे असते ते एवढेच, की रानड्यांनी तो चहा घेतला होता की नव्हता. माझी तक्रार अशी, की या शहराने पाहुण्यांचा इतिहास बारकाईने लिहिला आणि यजमानांना मात्र 'मिशनरी' या एका शब्दात गुंडाळून ठेवले. आज यजमानांविषयी बोलण्याचे मी ठरवून आलो आहे. चहा टाळला तर तुमचे लक्ष लागणार नाही, म्हणून तो आधी उरकून घेतो.

१८९० सालच्या ऑक्टोबरात तेव्हाच्या वेताळ पेठेतील, म्हणजे आताच्या गुरुवार पेठेतील, पंचहौद मिशनमध्ये पुण्यातील प्रतिष्ठित मंडळींना बोलावणे गेले. रानडे, टिळक, गोखले अशी माणसे जमली. भाषण झाले आणि त्यानंतर मिशनमधील स्त्रियांनी चहा आणि बिस्किटे आणली. काहींनी चहा घेतला, काहींनी शिष्टाचार म्हणून पेला हाती घेऊन तसाच खाली ठेवला. यात वावगे काही नव्हते. परंतु या मेळाव्यामागे गोपाळराव जोशी होते, आणि जेथे गोपाळराव तेथे साधा चहा साधा राहणे शक्य नव्हते. जमलेल्यांची नावे त्यांनी 'पुणे वैभव' पत्रात छापून आणली आणि शहरात ग्रामण्य, म्हणजे जातिबहिष्काराचा वाद, उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीसाठी शास्त्री नेमले गेले, युक्तिवाद झाले. आपण काशीस प्रायश्चित्त घेतले आहे, असे टिळकांनी सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये मित्रांच्या अडचणीकडे पाहून प्रायश्चित्त घेतले आणि त्याबद्दल सुधारकांचे बोल ऐकले; म्हणजे सनातनी आधीच रागावलेले होते, आता सुधारकही रागावले. एका पेल्यावर इतका कागद खर्ची पडल्याचे दुसरे उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

येथे गोपाळरावांविषयी थोडे सांगितल्यावाचून राहवत नाही. हे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. मार्च १८८६ मध्ये आनंदीबाईंना फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवी मिळाली, तेव्हा त्या समारंभाला पंडिता रमाबाई इंग्लंडहून मुद्दाम गेल्या होत्या. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडमधील वाँटेज गावी झाला होता, तेथील सेंट मेरीच्या भगिनीसंघाच्या आश्रयाने. आणि त्याच संघाच्या भगिनी पंचहौदला काम करीत होत्या. रमाबाईंची वाँटेजची वाट पुण्यातील या भगिनींच्या ओळखीतूनच निघाली. ज्या गोपाळरावांच्या पत्नीच्या पदवीदानाला रमाबाई महासागर ओलांडून गेल्या, त्यांनीच पुढे रमाबाईंच्या स्नेह्यांच्या अंगणात पुण्याच्या पुढाऱ्यांना अडचणीत आणले. पुढे गोपाळराव स्वतःही काही काळ ख्रिस्ती झाले आणि परत आले. या गृहस्थावर स्वतंत्र व्याख्यान द्यायला हवे. अध्यक्षांनी घड्याळ माझ्याकडे वळवून ठेवले आहे, हे मला दिसते. ते व्याख्यान आज देत नाही.

तर यजमान. ही मंडळी बिशपप्रधान अँग्लिकन परंपरेतील, आणि तीही त्यातल्या विधिप्रिय पंथातील. ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे १८६६ मध्ये स्थापन झालेल्या सेंट जॉन संघाच्या फादरांनी पंचहौदचे काम चालवले. त्यांच्या उपासनेत धूप, मेणबत्त्या आणि रंगीत वस्त्रे यांना स्थान होते. साध्या भिंतींच्या प्रॉटेस्टंट देवळांची सवय असलेल्या शेजारच्या मिशनांना हे सगळे फार खटकण्यासारखे होते. काउलीच्या याच संघाशी नीळकंठशास्त्री, अर्थात फादर नेहेम्या गोऱ्हे, यांचा निकटचा संबंध होता. काशीत वाढलेला, १८४८ मध्ये बाप्तिस्मा घेतलेला हा चित्पावन शास्त्री षड्दर्शनांवर वाद घालण्याइतका विद्वान होता, आणि रमाबाईंच्या धर्मांतरामागे त्याच्या लेखनाचा मोठा वाटा आहे. त्या चहावर शास्त्रार्थ करायला एक खरा शास्त्री यजमानांच्या बाजूलाही होता, हे आपण कधी ध्यानात घेतले नाही.

वेळ संपत आल्याची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जो मुद्दा मांडायला आलो तो आता घाईने मांडतो. पंचहौदचा खरा इतिहास तेथे नियमाने येणाऱ्या मराठी कुटुंबांचा आहे. बाप्तिस्मा, बिशपांच्या हातून दृढीकरण, विवाह, दफनविधी, नाताळ आणि उपवासकाळ यांच्या चक्रावर या मंडळीचे वर्ष फिरते; संडे स्कूल, महिला मंडळ आणि गायकवृंद हे तिचे रोजचे राज्य. भगिनींनी पुण्यात मुलींच्या शिक्षणाचे जे काम केले, त्याची आठवण अजून पुष्कळ घरांत निघते. १९३० मध्ये भारतातील अँग्लिकन चर्च इंग्लंडच्या सरकारी चर्चपासून वेगळे झाले आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे ते, अनेक चर्च एकत्र येऊन बनलेल्या, चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये विलीन झाले. या ऐक्यात अमेरिकन मराठी मिशनची परंपराही आली, म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळकांची परंपरा. काउलीच्या फादरांनी लावलेली विधींची शिस्त आणि टिळकांचे अभंग आता एकाच चर्चचे धन झाले. हे कसे जुळले, कोठे कुरकुर झाली आणि कोणी कोणाला सांभाळून घेतले, हे त्या काळातील वयस्कर मंडळींना विचारून लिहून घेतले पाहिजे, आणि ते लवकर केले पाहिजे.

दुसरे साधन नोंदवह्यांचे. अँग्लिकन देवालयाला बाप्तिस्मा, विवाह आणि दफन यांची नोंद ठेवणे बंधनकारक असे, आणि बाप्तिस्म्याच्या नोंदीत आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण आणि वडिलांचा व्यवसाय यांचे रकाने असत. कोणत्या पेठेतून कोणत्या कामाची माणसे या मंडळीत आली, याचे उत्तर अशा रकान्यांत सापडते. या सभागृहात निवृत्त कारकून, शिक्षक आणि हिशेबनीस पुष्कळ आहेत, आणि त्यांचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. पाळकांची परवानगी घेऊन आठवड्यातून एक दुपार नोंदी उतरवून काढण्यास कोणी तयार असेल, तर त्यांनी सभा संपल्यावर मला दारापाशी भेटावे.