ब्लेडने चिरलेली पर्स आणि ‘गहाळ’ हा शब्द

नमस्कार. माझ्या हातात आहे ती माझ्या मावशीची पर्स. तिच्या तळाशी ही जी सरळ, चार बोटे लांब चीर दिसते आहे, ती ब्लेडची आहे. मागच्या वर्षी शहर बसमधून उतरताना मावशीचा मोबाइल आणि थोडी रोकड याच चिरेतून गेली. आम्ही दोघे जवळच्या पोलीस ठाण्यात गेलो आणि पर्स ठाणे अंमलदारांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी चिरेतून बोट घालून पाहिले, हे सराईत माणसाचे काम आहे असे सांगितले, मावशीला बसायला खुर्ची आणि प्यायला पाणी दिले, आणि मग एक छापील अर्ज पुढे सरकवून म्हणाले, “काकू, यात लिहा, बसने प्रवास करत असताना मोबाइल माझ्याकडून गहाळ झाला.”

‘माझ्याकडून गहाळ झाला’ या वाक्यात चोर नाही. त्यात ब्लेड नाही, गुन्हाही नाही. आहे तो फक्त एका बाईचा निष्काळजीपणा. चीर समोर दिसत होती, ती चोरीचीच आहे हे त्या अंमलदारांनी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते, आणि तरीही कागदावर दुसरेच काही उतरत होते. ते गृहस्थ वाईट नव्हते, आमच्याशी अत्यंत माणुसकीने वागत होते. म्हणूनच मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, की डोळ्यांना दिसलेले आणि मनाला पटलेले सत्य लेखणीपर्यंत पोहोचेपर्यंत वाटेत कोण अडवते?

आधी कायदा पाहू, कारण कायदा या बाबतीत बराच स्पष्ट आहे. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस ज्याचा तपास करू शकतात अशा गुन्ह्याची, खबर मिळाली की ती नोंदवलीच पाहिजे, हे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १५४ मध्ये होते आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येही आहे. ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने १२ नोव्हेंबर २०१३ रोजी निर्णय दिला, की खबरीतून दखलपात्र गुन्हा उघड होत असेल तर गुन्हा नोंदवणे बंधनकारक आहे आणि खबर विश्वासार्ह आहे की नाही हे नोंदणीच्या आधी ठरवत बसता येणार नाही. वैवाहिक वाद, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय निष्काळजीपणा अशा काही प्रकारांत प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली गेली. नव्या संहितेनेही तीन वर्षांपासून सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याच्या परवानगीने, चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय दिली आहे. पण फिर्यादीनेच आपली तक्रार बदलून लिहावी, अशी सोय यांपैकी कुठेही नाही.

मग हे घडते कसे? गुन्हा नोंदवला की त्याला क्रमांक मिळतो आणि त्या क्रमांकामागे कामाची एक रांग उभी राहते. घटनास्थळाचा पंचनामा करायचा, त्यासाठी पंच मिळवायचे, जबाब घ्यायचे, केस डायरी लिहायची, संगणकावर सगळे भरायचे, आणि शेवटी न्यायालयात दोषारोपपत्र तरी पाठवायचे किंवा समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, तरी. हे करणाऱ्या अंमलदाराला त्याच आठवड्यात पालखीचा, गणपतीचा किंवा एखाद्या सभेचा बंदोबस्त असतो, समन्स बजावायचे असतात आणि न्यायालयात साक्षीला उभे राहायचे असते. ‘गहाळ’ अर्जाला मात्र एक शिक्का पुरतो. प्रामाणिक माणसालासुद्धा या दोन वाटांपैकी कोणती जवळची वाटेल, हे सांगायला नको.

तरीही केवळ कामाचा बोजा हे कारण मला पुरेसे वाटत नाही. खरे ओझे आकड्याचे आहे. दर महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये वरिष्ठांसमोर ठाण्याचा हिशोब मांडला जातो: गेल्या वर्षी या महिन्यात चोऱ्या किती होत्या, यंदा किती झाल्या, उघडकीस किती आल्या, प्रलंबित किती राहिल्या. बसमधली मोबाइलचोरी सहसा उघडकीस येत नाही. म्हणजे अशी प्रत्येक प्रामाणिक नोंद दाखल गुन्ह्यांचा आकडा वाढवते आणि उघडकीचे प्रमाण खाली आणते. ज्या ठाण्यात मागच्या वर्षी चाळीस चोऱ्यांची नोंद होती आणि यंदा ऐंशींची झाली, त्या ठाण्याच्या वरिष्ठ निरीक्षकांनी चाळीस जास्त लोकांचे ऐकून घेतले, असा अर्थ त्या बैठकीत लावला जात असता तर माझ्या मावशीपुढे तो छापील अर्ज आलाच नसता. वास्तविक राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग आपल्या वार्षिक अहवालात बजावतो, की गुन्हेगारी वाढणे आणि गुन्ह्यांची नोंद वाढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. परंतु अहवाल हाती आला की वर्तमानपत्रांचे मथळे आणि सभागृहांतील भाषणे हे वाक्य ओलांडून थेट तक्त्याकडे जातात, आणि त्या तक्त्याची भीती एकेक पायरी उतरत ठाणे अंमलदाराच्या टेबलापर्यंत येते.

या व्यवहारात आपणही सामील असतो, हे मान्य केले पाहिजे. मोबाइल गेल्यावर आपल्याला घाई असते ती कागदाची. तोच नंबर पुन्हा मिळवायचा असतो, केंद्र सरकारच्या संचार साथी पोर्टलवर फोनचा आयएमईआय, म्हणजे त्या फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, बंद करायचा असतो, आणि त्यासाठी पोलिसांकडे दिलेल्या तक्रारीची प्रत जोडावी लागते. ‘गहाळ’ अर्जावर तेवढे काम भागते, म्हणून आपण सही करून घरी येतो. फोनचा चोरीविमा असेल तर मात्र कंपनी गुन्ह्याची प्रत मागते आणि आपल्याच सहीचे ‘माझ्याकडून गहाळ झाला’ हे वाक्य आपल्याच विरोधात उभे राहते.

नव्या कायद्यात आणखी एक पळवाट आहे, जिची माहिती फार थोड्यांना असते. चोरीच्या मालाची किंमत पाच हजार रुपयांपेक्षा कमी असेल, तर नव्या संहितेच्या पहिल्या अनुसूचीप्रमाणे तो गुन्हा अदखलपात्र ठरतो. अशा गुन्ह्यात केवळ एन.सी., म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, होते आणि न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलिसांना तपास करता येत नाही. क्षुल्लक चोऱ्यांसाठी ही तरतूद समजण्यासारखी आहे. परंतु तीन वर्षे वापरलेल्या फोनची आजची किंमत किती लावायची, हे टेबलाच्या पलीकडचा माणूस सुचवणार असेल, तर एका आकड्याने तपासाचा दरवाजा बंद होऊ शकतो. खरेदीची पावती सोबत न्या, असे मी आग्रहाने सांगतो ते याच कारणाने.

आता ज्या नुकसानीबद्दल मला सर्वांत जास्त वाटते, तिच्याकडे येतो. समजा, एकाच बसमार्गावर, एकाच थांब्याच्या आसपास, संध्याकाळच्या गर्दीत दोन महिन्यांत दहा पर्स ब्लेडने चिरल्या गेल्या. दहा फिर्यादी नोंदवल्या गेल्या असत्या, तर त्या शेजारी शेजारी ठेवणाऱ्या कोणालाही मार्ग, थांबा, वेळ आणि पद्धत दिसली असती, आणि साध्या वेशातले दोन अंमलदार चार दिवस त्या बसमध्ये उभे केले असते तर बहुधा माणूस सापडलाही असता. पोलिसांचे व्यवहारज्ञान म्हणतात ते हेच: विखुरलेल्या घटनांतली ओळख पटणे. दहा जणांच्या हातून दहा फोन ‘गहाळ’ झाले असतील, तर ओळख पटवायला काही शिल्लकच राहत नाही. आकडा सुंदर ठेवण्यासाठी पोलीस खाते आपल्याच डोळ्यांवर पट्टी बांधते, आणि ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ हे ब्रीद खांद्यावर वागवणाऱ्या शिपायाला खल कुठे उभा आहे हेच कळत नाही.

हीच वृत्ती हद्दीच्या बाबतीत किती महाग पडते, हे २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये हैदराबादजवळ दिसले. एक तरुण पशुवैद्यक रात्री घरी परतली नाही म्हणून कुटुंबीय पोलिसांकडे धावले, तर हद्द कोणत्या ठाण्याची या प्रश्नात मोलाचा वेळ गेला, अशी त्यांची तक्रार होती. गुन्हा नोंदवण्यात दिरंगाई केल्याबद्दल पुढे तीन पोलिसांना निलंबित करण्यात आले. शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो नंतर योग्य ठाण्याकडे पाठवायचा, ही पद्धत तेव्हाही होती; आता कलम १७३ मध्ये गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी खबर घेतली पाहिजे, असे शब्दच घातले आहेत. सीमारेषा पोलिसांच्या कामाच्या सोयीसाठी आखलेली असते, हे एरवी शाळकरी मुलालाही समजते. वर्षानुवर्षे ‘हा गुन्हा आपल्या आकड्यात नको’ असाच विचार करायला लावलेल्या मनाला ते ऐन वेळी आठवत नाही.

हा आपल्याच मातीचा दोष आहे असे कोणी समजू नये. इंग्लंड आणि वेल्समध्ये पोलिसांना अनेक वर्षे आकड्यांची उद्दिष्टे दिली जात होती. नोव्हेंबर २०१४ मध्ये तिथल्या पोलीस निरीक्षण यंत्रणेने नोंदींची तपासणी केली, तेव्हा लोकांनी कळवलेल्या गुन्ह्यांपैकी सुमारे १९ टक्के, म्हणजे वर्षाला आठ लाखांहून अधिक गुन्हे नोंदवलेच जात नसल्याचे आढळले. त्याच वर्षाच्या सुरुवातीला तिथल्या सांख्यिकी प्राधिकरणाने पोलिसांच्या गुन्हेनोंदीचा अधिकृत राष्ट्रीय आकडेवारी हा दर्जा काढून घेतला होता. माझ्या मते आपल्याकडे क्राइम मीटिंगमधला पहिलाच प्रश्न बदलायला हवा. किती गुन्हे वाढले, हे नंतर विचारावे. आधी या महिन्यातले वीस ‘गहाळ’ अर्ज काढून त्या वीस लोकांना फोन लावावेत आणि नेमके काय झाले होते ते विचारावे. त्याला नवा कायदा लागत नाही.

आम्ही काय केले ते सांगतो. मावशीने त्या अर्जावर सही केली नाही. घरी येऊन तिने स्वतःच्या अक्षरात घडले ते लिहिले: बसचा मार्ग, थांबा, वेळ, मागे उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन आणि पर्सची चीर. दुसऱ्या दिवशी आम्ही पावती, पर्सचे फोटो आणि अर्जाच्या दोन प्रती घेऊन गेलो आणि एका प्रतीवर पोच मागितली. पोच मिळाली नसती तर कलम १७३ (४) प्रमाणे तोच मजकूर टपालाने पोलीस अधीक्षकांना, आमच्या शहरात उपायुक्तांना, पाठवण्याची आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करण्याची तयारी होती. तशी वेळ आली नाही. आदल्या दिवशीच्याच अंमलदारांनी अर्ज शांतपणे दोनदा वाचला, आत जाऊन आले आणि गुन्हा नोंदवला. प्रत विनामूल्य देणे बंधनकारक आहे. ती त्यांनी न मागता दिली.

फोन सापडला नाही. काही महिन्यांनी मावशीला कळवण्यात आले, की तपासाअंती ‘अ’ समरी पाठवली आहे. महाराष्ट्रात या शब्दाचा अर्थ असा, की गुन्हा खरा आहे, परंतु आरोपी मिळून आला नाही. मावशीने तो कागद दोनदा वाचून घेतला, ‘खरा आहे’ या शब्दांवर बोट ठेवून मला दाखवला, आणि घडी घालून याच पर्समध्ये ठेवून दिला.